साठ हजारांचे कार्ड आणि दोन तासांचे हेलिकॉप्टर

चवथीच्या दुसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा आरतीला आला. आरती संपली, मंडळी झांजा वाजवत पुढच्या घरी गेली, तरी हा माटोळीखाली घुटमळत उभा. पंचखाद्याची वाटी हातात ठेवली तेव्हा कुठे त्याने तोंड उघडले. "काका, बाबांना तुम्ही जरा सांगता?"

काय सांगायचे, तर ग्राफिक्स कार्ड घेऊन द्यायला. किंमत साठ हजारांच्या आसपास. मुलगा बारावीला आहे, हुशार आहे, आणि त्याला हेलिकॉप्टरचा पायलट व्हायचे आहे. त्यासाठी तो रोज रात्री संगणकावर अपाचे हेलिकॉप्टर उडवतो. डीसीएस नावाचा एक लढाऊ विमानांचा सिम्युलेटर आहे, त्यात २०२२ साली हे अपाचे आले. ते इतके तंतोतंत आहे म्हणतात, की इंजिने सुरू करून जमिनीवरून हलायलाच पाच-दहा मिनिटे बटणे दाबावी लागतात. पण ह्याचा संगणक धापा टाकतो, चित्र अडखळते, आणि अडखळत्या चित्रात हेलिकॉप्टर हवेत स्थिर राहत नाही, अशी त्याची तक्रार. "काका, हा गेम नाही, हे ट्रेनिंग आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील भेटले. लोखंडी सामानाचे दुकान आहे त्यांचे, माणूस सरळ. म्हणाले, "भाई, मला एकच सांगा. हे शिक्षण की खेळ? शिक्षण असेल तर उसने काढून देतो. खेळ असेल तर एक पैसा नाही."

आता मी काही वैमानिक नव्हे. माझी धाव लेखणीपर्यंत. पण ह्या एका प्रश्नावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे असे मी समजतो, कारण ह्या नादाच्या तीस वर्षांचा हिशेब आमच्या घरात झालेला आहे, आणि त्यातली बरीचशी रक्कम माझ्या खिशातून गेलेली आहे.

गोष्ट १९९३ सालची. मराठी मजकुराची अक्षरजुळणी घरीच करायची म्हणून मी एक जुना ३८६ संगणक विकत घेतला. पाचवीतला माझा भाचा सुटीत आला आणि कुणाकडून तरी एक फ्लॉपी घेऊन आला. एलएचएक्स अटॅक चॉपर. १९९० सालचा हा खेळ त्या काळात ज्याच्याकडे संगणक होता त्याच्याकडे असायचाच. एक-दोन फ्लॉप्यांत मावायचा, आणि त्यात लिबिया, व्हिएतनाम, पूर्व जर्मनी अशी तीन रणांगणे! डोंगर म्हणजे हिरवे त्रिकोण, रणगाडे म्हणजे काड्यापेट्या. गंमत अशी की ज्या एलएचएक्स हेलिकॉप्टरवरून खेळाचे नाव पडले ते अमेरिकन लष्करात कधी दाखलच झाले नाही. त्या योजनेतून पुढे कोमँचे निघाले आणि २००४ साली तेही रद्द झाले. आमच्या भाच्याने मात्र ते फोंड्याच्या आमच्या ओसरीवर दोन वर्षे उडवले.

मग फाल्कन ३.० आले. त्याचा बिनचूक उड्डाणाचा प्रकार चालायला गणिती कोप्रोसेसर नावाची वेगळी चिप लागायची. चिरंजीवांनी मला पटवून दिले, "मामा, ती बसवली की तुझी जोडाक्षरं लवकर उमटतील." मी बसवली! जोडाक्षरे होती त्याच वेगाने उमटत राहिली. चार महिन्यांनी मला उमगले की माझ्या पैशाने एफ-१६ चे पंख जास्त खरे वाकू लागले आहेत, बाकी काही नाही.

१९९८ च्या अखेरीस फाल्कन ४.० निघाले. जाडजूड चोपड्यासारखी माहितीपुस्तिका, आणि संगणकाची भूक अशी की आमचे यंत्र त्यापुढे दरिद्री ठरले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून व्हूडू कार्ड आणवले. तरी खेळ मध्येच बंद पडायचा, कारण तो कच्चाच बाजारात आला होता. पुढे मूळ चमू मोडला, २००० साली त्याची मूळ संहिता बाहेर फुटली, आणि हौशी लोकांनी ती इतकी वर्षे दुरुस्त करत करत आज मूळ खेळापेक्षा कितीतरी पुढे नेली आहे. पगार नाही, नाव नाही. आमच्याकडे देवळातल्या जुन्या नाट्यसंहिता अशाच पिढ्यान्‌पिढ्या हातांनी उतरून, सुधारून जगल्या. असो.

२००१ चे आयएल-२, २००३ चे लॉक ऑन, २००८ चे ब्लॅक शार्क. प्रत्येकाबरोबर नवे काहीतरी विकत घ्यायचे. ब्लॅक शार्कच्या वेळी भाचा अमेरिकेत नोकरीला लागला होता, त्यामुळे खर्च त्याचा त्याने केला, एवढेच माझे सुख. त्यात रशियन कामोव्ह-५० होते. फोनवर म्हणाला, "मामा, दाबोळीवर फिरतात ना, शेपटीला पंखा नसलेली, तसलं." वास्कोकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. नौदलाची कामोव्ह आपण वर्षानुवर्षे डोक्यावरून जाताना पाहिली आहेत, आणि बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात एक जवळून पाहायलाही मिळते. एकावर एक दोन पंखे, उलटसुलट दिशांना फिरणारे. एकाची पिळवटण दुसरा खोडून काढतो, म्हणून शेपटीच्या पंख्याची गरज उरत नाही.

ह्या सगळ्या वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण तिला नाव देता येत नव्हते. सिम्युलेटर बनवणारे नेहमी आजच्या नव्हे, उद्याच्या संगणकासाठी बनवतात. म्हणून खेळणारा कायम एक पायरी मागे. कार्ड घेतले की मेमरी कमी पडते, मेमरी घातली की पडदा लहान वाटतो, पडदा मोठा केला की पुन्हा कार्ड कमी पडते. रहाटगाडगेच. आणि दर खेपेला जे सुधारते ते चित्र. ढग जास्त ढगासारखे, पाणी जास्त पाण्यासारखे. भाच्याला विचारले की म्हणायचा, "आता एकदम खऱ्यासारखं झालंय." हे वाक्य मी १९९३ पासून ऐकत आलो होतो. हिरव्या त्रिकोणांबद्दलही त्याने हेच म्हटले होते.

गेल्या वर्षी त्याने खरे शिकायचे ठरवले. वय चाळिशी ओलांडलेले, मुले शाळेत, कर्ज फिटत आलेले. टेक्ससमधल्या एका छोट्या विमानतळावर रॉबिन्सन आर-२२ वर शिकू लागला. दोन माणसांचे हे चिमुकले हेलिकॉप्टर, रिकामे असताना वजन चारशे किलोंच्या आतबाहेर. अमेरिकेत हजारो लोक ह्याच्यावरच शिकले आहेत. तासाला तीनशे-साडेतीनशे डॉलर, म्हणजे आपले जवळपास तीस हजार रुपये. शेजाऱ्याच्या मुलाचे कार्ड म्हणजे ह्याचे दोन तास. हे गणित पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

पहिल्या तासानंतर त्याचा फोन आला. गोव्यात सकाळचे सहा. तो कामापुरता मराठीत बोलतो, पण मनातले बोलायचे झाले की कोंकणीवर येतो. म्हणाला, "मामा, हात आयकना रे."

हात ऐकत नाही. तीस वर्षे उडवणाऱ्याचा हात ऐकत नाही! झाले होते असे. उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे पंख्याची चकती पुढे-मागे-बाजूला कलवणारा दांडा. डाव्या हातात कलेक्टिव्ह, हँडब्रेकसारखी वर ओढायची कांडी, तिने सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र वर उचलले जाते. पायांत पेडल, शेपटीच्या पंख्यासाठी. आता हेलिकॉप्टर जमिनीपासून पाच फुटांवर एका जागी ठेवायचे, ह्याला हॉवर म्हणतात. कलेक्टिव्ह जरा वर ओढली की इंजिनाचा जोर वाढतो आणि नाक एका बाजूला वळते. ते सावरायला पेडल दाबले की शेपटीचा पंखा अख्ख्या हेलिकॉप्टरला बाजूला ढकलतो. ते रोखायला सायक्लिक कलवले की वर उचलणारा जोर थोडा बाजूला खर्च होतो आणि हेलिकॉप्टर खाली येऊ लागते. म्हणून पुन्हा कलेक्टिव्ह. झाले, पुन्हा पहिल्यापासून! त्यात दांडा हलवल्यावर परिणाम क्षणभर उशिरा दिसतो. तो दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. परिणाम दिसण्याआधीच हात मागे घ्यावा लागतो.

हे सगळे त्याला तोंडपाठ होते. परीक्षा घेतली असती तर पैकीच्या पैकी. पण घरच्या जॉयस्टिकला स्प्रिंग असते, हात सोडला की दांडा मधोमध येतो. तीस वर्षे त्याच्या मनगटाने त्या स्प्रिंगशी बोलायची सवय लावून घेतली होती. खऱ्या सायक्लिकला तसा मध्यच नाही. आर-२२ मध्ये तर तो दोन गुडघ्यांमधून वर येणारा दांडासुद्धा नाही. मधल्या खांबावर टी-अक्षरासारखी आडवी दांडी आणि तिच्या टोकांना मुठी, शिकणारा आणि शिकवणारा दोघांना पुरेल अशी. आणि घरी त्याची नजर कायम यंत्रांच्या तबकड्यांवर, कारण पडद्यावर कडेचे काही दिसतच नसे. इथे शिक्षकाने तबकड्यांवर कागद चिकटवला आणि म्हणाला, दूरच्या झाडाकडे बघ. सहा तास गेले तेव्हा हॉवर जमू लागला.

इथवर काही विशेष नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आमच्या लहानपणी सोडणासकट सुके नारळ जोडीने कमरेला बांधून तळ्यात ढकलायचे. नारळ पोहायला शिकवत नाहीत, बुडू देत नाहीत. सिम्युलेटरही तसाच, असे म्हणून मी शेजाऱ्याला सांगितले असते की घ्या कार्ड, नारळ समजून घ्या. पण बाराव्या-तेराव्या तासाला जे घडले ते ऐकल्यावर मला हे इतके सोपे वाटेनासे झाले.

टेकडीवरून जात होते. वाऱ्याचा झोत खालून आला, हेलिकॉप्टर वर उचलले गेले. भाच्याचा उजवा हात आपोआप पुढे गेला, नाक खाली दाबायला. लढाऊ सिम्युलेटरमध्ये हा हात लाखदा गेला असेल. टेकडीमागून डोके वर काढायचे, क्षेपणास्त्र सोडायचे, आणि शत्रूच्या रडारने पकडण्याआधी दांडा पुढे रेटून पुन्हा टेकडीआड बुडी मारायची. एलएचएक्समध्ये जगायचे असेल तर हेच. त्याच्या हाताला ते इतके मुरले होते की मेंदूला विचारायची गरजच उरली नव्हती. शिक्षकाचा हात दांडीवर होता. त्याने ती हलकेच मागे धरली, आणि हेलिकॉप्टर जमिनीवर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

उतरल्यावर मात्र पाऊण तास बोलला.

प्रकार असा आहे. आर-२२ ला पंख्याची दोनच पाती, आणि ती बागेतल्या सी-सॉसारखी मधल्या खांबावर डोलणारी. हेलिकॉप्टरचे धड त्यांच्याखाली लामणदिव्यासारखे लोंबकळते. लामणदिवा साखळीच्या मागे मागे जातो, कारण त्याच्या वजनाने साखळी ताणलेली असते. तसेच पाती जिकडे कलतील तिकडे धड जाते, पण वजनाचा ताण आहे तोवरच. आता उंचवट्यावरून जाताना दांडा झटकन पुढे रेटला तर क्षणभर सगळे वजन नाहीसे होते, पाळण्यातून खाली येताना पोटात गोळा येतो ना, तसे. साखळी ढिली पडली! आता पाती कलवली तरी धड ऐकत नाही. शेपटीचा पंखा मात्र आपले ढकलणे चालूच ठेवतो, आणि धड उजवीकडे कलंडू लागते. माणसाचा हात साहजिकच डावीकडे जातो. पाती डावीकडे, धड उजवीकडे, आणि पात्यांचा मधला भाग ज्या खांबावर बसवलेला असतो त्यालाच धडकतो. खांब तुटू शकतो, पाती धडात घुसू शकतात. त्यानंतर वैमानिकाने काय करावे ह्याचे उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. सुटका एकच, आणि ती आधीची: दांडा हलकेच मागे घ्यायचा, वजन परत येऊ द्यायचे, साखळी ताणली गेली की मग कलंडणे सावरायचे.

ह्यात माणसे मेली आहेत, म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने १९९५ साली आर-२२ आणि तिच्या मोठ्या बहिणीसाठी, आर-४४ साठी, खास नियम काढला. हे धोके समजावून दिल्याची नोंद असल्याशिवाय कुणी तिच्या दांड्याला हात लावायचा नाही, आणि नवशिक्याने आर-२२ एकट्याने उडवण्यापूर्वी किमान वीस तास शिक्षकासोबत. आणि आर-२२ च्या अधिकृत पुस्तकात दांडा असा पुढे रेटून वजन घालवायला सरळ मनाई लिहिलेली आहे. म्हणजे शिक्षकानेसुद्धा "बघ हं, असं होतं" म्हणून करून दाखवायचे नाही. हा धडा हवेत देता येत नाही. फळ्यावर देता येतो, तोंडी देता येतो. नाहीतर सिम्युलेटरवर.

इथे मी फोन कानाला लावून बराच वेळ गप्प बसलो होतो. कारण ह्याचा अर्थ असा होतो की जो धडा फक्त सिम्युलेटरच करवून दाखवू शकतो, नेमका त्याच्या उलटा धडा ह्या मुलाने तीस वर्षे सिम्युलेटरवर गिरवला. अपाचेची गोष्ट वेगळी, तिला चार पाती आणि त्यांची बैठकही वेगळ्या जातीची, ती हे सोसते. खेळ खोटा नव्हता. खेळ दुसऱ्या यंत्राबद्दल खरा होता. आणि एलएचएक्स तर कुठल्याच यंत्राबद्दल खरा नव्हता. पण हाताला हे कोण सांगणार? हात यंत्राचे नाव वाचत नाही.

खेळ आणि शिक्षण ह्यांची सरमिसळ आजची नाही बरे का. ज्याला उड्डाण-सिम्युलेटरांचा मूळपुरुष म्हणतात त्या एडविन लिंकच्या वडिलांचा अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. मुलाने १९२९ च्या सुमारास ऑर्गनचे भाते घेऊन त्यांवर एक लाकडी विमान बसवले. भात्यात हवा भरली-काढली की विमान कलते, झुकते, वळते. आपल्या भजनी पेटीचा भाता आठवा, तोच जीव. आणि सुरुवातीला ह्या यंत्राला गिऱ्हाईक कोण मिळाले? करमणुकीच्या बागा! नाणे टाका, उडा. १९३४ साली अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम पडले, धुक्यात आणि हिमवादळात काही आठवड्यांत अनेक जण मेले, तेव्हा सैन्याला ह्या खेळण्याची आठवण झाली आणि त्यांनी सहा यंत्रे विकत घेतली. त्यात चित्र नव्हतेच. झाकण बंद, आत अंधार, समोर फक्त तबकड्या. ज्या परिस्थितीत माणसे मरत होती, नेमकी तीच. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक ह्या चित्र नसलेल्या खोक्यात तयार झाले.

मला वाटते ग्यानबाची मेख इथे आहे. सिम्युलेटर किती खरा दिसतो हे विचारायचेच नाही. तो तुम्हाला कशामुळे मारतो, आणि मारल्यावर का मेलात ते सांगतो का, हे विचारायचे. लढाऊ सिम्युलेटरमध्ये माणूस मरतो तो क्षेपणास्त्राने. त्यासाठी शेकडो रडार, शेकडो क्षेपणास्त्रे हुबेहूब उभी केलेली असतात. आर-२२ वर शिकणाऱ्याला क्षेपणास्त्र भेटत नाही. त्याला भेटते ढिली पडलेली साखळी, इंजिन बंद पडल्यावर कलेक्टिव्ह खाली टाकायला मिळणारे एक-दोन सेकंद, आणि जमिनीलगतच्या विजेच्या तारा. जाता जाता हेही बोलतो: पडद्यावरच्या रणगाड्यात माणसे असतात हे भाच्याला कधी जाणवले असे मला आठवत नाही. त्याला दोष देत नाही, मलाही जाणवले नव्हते. काड्यापेट्या होत्या त्या.

शरीराबद्दलही एक सांगण्यासारखे आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन नौदलाने हॉवर शिकवण्यासाठी एक सिम्युलेटर वापरून पाहिला. त्यात बसलेल्यांना मळमळू लागले. गंमत ही की नवशिक्यांना कमी आणि मुरलेल्या शिक्षकांना जास्त! डोळे सांगतात हललो, बूड सांगते जागचे हललो नाही. नवशिक्याच्या बुडाला अजून काही ठाऊकच नसते, म्हणून ते तक्रार करत नाही. जाणत्याचे बूड तक्रार करते. भाच्याकडे डोळ्यांवर चढवायचा महागडा आभासी चष्मा आहे. दोन वर्षे तो तासन्‌तास लावून बसायचा, काही होत नसे. खऱ्या हेलिकॉप्टरचे पंधराएक तास झाल्यावर एका रात्री त्याने तो चढवला, हॉवर केला, आणि दहा मिनिटांत उठून खिडकी उघडावी लागली. मला म्हणाला, "वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं." मलाही बरे वाटले.

म्हणून चष्मे निकामी असे मात्र मी म्हणणार नाही. २०२१ साली युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने अशा आभासी चष्म्यावर चालणाऱ्या प्रशिक्षण यंत्राला पहिल्यांदा मान्यता दिली, स्वित्झर्लंडच्या एका कंपनीने बनवलेल्या, आणि कोणत्या यंत्राचा सिम्युलेटर होता तो? आर-२२ चाच! धोक्याचे प्रकार जमिनीवर बसून गिरवता यावेत हा त्यात मोठा हेतू. ते यंत्र घरच्या खेळासारखे नाही. त्याच्या खाली हलणारी बैठक आहे, आणि मुठी-पेडल आर-२२ सारखी. आपल्याकडे बंगळुरूला हॅट्सऑफ ह्या संस्थेत ध्रुव वगैरेंचे मोठे सिम्युलेटर आहेत, तिथेही हवेत करून पाहता न येणारी संकटे करून पाहतात. अमेरिकेच्या नॅशनल गार्डसाठी डीसीएसवाल्यांनीच ए-१० विमानाचा टेबलावर ठेवायचा सिम्युलेटर करून दिला होता, आणि त्यातूनच २०११ चा त्यांचा लोकप्रिय खेळ निघाला. तेव्हा शिक्षण आणि खेळ ह्यांच्यामध्ये भिंत नाही. पण कार्ड विकणारा सांगतो तसा जिनाही नाही, की एक एक पायरी चढत गेलात तर वरच्या मजल्यावर हेलिकॉप्टर उभे.

शेवटी शेजाऱ्याकडे गेलो. मुलगा समोरच बसला होता. मी म्हटले, हे शिक्षण आहे, पण शिक्षक नसलेले. त्यात चूक आणि बरोबर दोन्ही सारखेच पक्के होते. रेडिओवर बोलणे, नकाशा वाचणे, यादीप्रमाणे एक एक बटण तपासणे, हे तो शिकला असेल तर ते कुठे जात नाही. भाच्याचा शिक्षकही म्हणाला होता की ह्या बाबतीत तो इतर नवशिक्यांच्या खूप पुढे होता. पण ते शिकायला साठ हजारांचे कार्ड लागत नाही. आहे त्या संगणकावर चित्र थोडे खरबरीत करा, ढग घालवा, अडखळणे थांबते. पैसे घालायचेच असतील तर आधी पायांची पेडल घ्या, आणि जॉयस्टिकची स्प्रिंग काढून टाका. आणि अपाचे सोडून काही दिवस ह्युई उडव म्हटले, तीही दोन पात्यांची.

आणि त्याआधी एक काम. डॉक्टर. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरकडून वर्ग दोनची वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळे, रंग ओळखणे, कान, हृदय. रंग नीट ओळखता येत नसतील तर पुढचे सगळे गणित बदलते. हे बारावीतच कळलेले बरे, सगळे करून बसल्यावर नव्हे. आमच्या भाच्याने पहिल्या तासाचे पैसे भरण्याआधी हेच केले होते. व्यावसायिक परवान्याला आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे हेलिकॉप्टरचे दीडशे तास लागतात, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून केले तर शंभर. तासाचा भाव वर सांगितलाच आहे, गुणाकार दुकानदाराला शिकवायला नको. आणि तो गुणाकार नको असेल तर खडकवासल्याची प्रबोधिनी आहे. हवाई दल हकीमपेटला शिकवते, सेनेचे वैमानिक नाशिकला घडतात, नौदल अरक्कोणमला. तिथे तासाचे बिल येत नाही, पण बारावीचे गणित आणि पहाटेचे धावणे चुकत नाही.

वडिलांनी विचारले, "म्हणजे कार्ड नको?"

मी म्हटले, "मुलगा रात्री खेळून सुखी होत असेल आणि तुम्हाला परवडत असेल तर जरूर द्या. मी माझ्या भाच्याला दिलेच की. पण ट्रेनिंग म्हणून देऊ नका. खेळ म्हणून द्या. खेळ काही वाईट नाही."

मुलाला हे फारसे रुचले नाही, चेहऱ्यावर दिसत होते. काही वेळाने उठून आत गेला आणि परत आला तो वही घेऊन. लामणदिव्याचे चित्र काढले होते, वर सी-सॉ, बाजूला शेपटीचा पंखा. "काका, वजन गेलं की पंखा ढकलतो तो धडाच्या वरच्या बाजूला लागतो का? नाहीतर कलंडेल कशाला, नुसतं सरकेल."

हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्याच रात्री भाच्याला फोन करून विचारला. त्याचा शिक्षकही तेच सांगतो: शेपटीचा पंखा धडाच्या गुरुत्वमध्यापेक्षा उंचावर आहे, म्हणूनच कलंडते. मुलाला निरोप दिला. तपासणीसाठी डॉक्टरची पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. कार्डाचे अजून ठरलेले नाही.